लगद्याला लावलेलं विरजण

ब्लीच प्लांट, मूल रस्ता
शुक्रवार, जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप रंभाताईस,

सविनय, आणि दोन पावलं लांब उभा राहून, जय भीम.

तू, अंकुशभाऊ, दोघी पोरी आणि नवं वासरू, सगळे मजेत असाल असं मी धरूनच चालतो, कारण विचारायला तू जागाच ठेवली नाहीस. मंगळवारी फोन केला तर माझा आवाज ऐकून तू ‘राँग नंबर’ म्हणालीस. बुधवारी केला तर ‘राजदीप, राँग नंबर आहे’ म्हणालीस. (नाव घेऊन राँग नंबर सांगणारी बाई अख्ख्या आरमोरी तालुक्यात तू एकटीच असशील.) म्हणून हे पत्र. आमच्या प्रयोगशाळेतल्या दुर्गाचं माहेर तुमच्या गावाला लागूनच आहे. ती उद्याच्या एसटीने जाते आहे आणि पत्र तुझ्याच हातात देईन म्हणाली आहे. फाडायचंच असेल तर निदान तिला चहा देऊन, ती गेल्यावर फाड. हलका धान कापून झाला का? आणि मामाजींचा खोकला कसा आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. सोमवारी इथून निघताना ते फाटकापर्यंत खोकत गेले आणि मी वरच्या खिडकीतून ऐकत होतो. खाली उतरून गेलो नाही, हे तुला कळलंच असेल.

तुझे सासरे, माझे मामाजी आणि आमच्या ब्लीच प्लांटचे मुखरूभाऊ ही तीन माणसं नसून एकच माणूस आहे, हीच माझी अडचण आहे. परकं कोणी असतं तर मिलमधलं भांडण मिलच्या फाटकाआत राहिलं असतं. इथे ते चार वाजताच्या बसमध्ये बसलं, आरमोरीला उतरलं आणि तुझ्या चुलीपर्यंत गेलं. मामाजींचा स्वभाव मला माहीत आहे. त्यांनी तुला सगळी हकीकत एका वाक्यात सांगितली असणार: ‘तुहा भाऊ आता साहेब झाला.’ एवढ्याशा वाक्यात माझी बाजू बसणार कुठे? म्हणून ती सविस्तर मांडतो, आणि घाईत मांडतो, कारण सोमवारी सकाळी सहाला आमची शेवटची चाचणी आहे. तीत लगद्याचा पांढरेपणा ठरलेल्या आकड्यावर आला नाही तर एन्झाइमचे कॅन परत जातील, क्लोरीन पहिल्यासारखाच चालू राहील, आणि कॅनबरोबर मीही जाईन, असं आमच्या प्लांटच्या प्रमुख स्वाती मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या आहेत. (त्या रागावल्या की आवाज चढत नाही, उतरतो. आजकाल त्या माझ्याशी जवळजवळ कुजबुजतात.)

एन्झाइम म्हणजे काय हे मी तुला एकदा जेवताना सांगायला लागलो होतो आणि तू ‘आधी जेव’ म्हणाली होतीस, तेव्हा ते राहिलंच आहे. बांबू शिजवून काढलेला लगदा तपकिरी असतो, गोणपाटाच्या रंगाचा. (वहीचं पान जन्मतःच पांढरं असतं असं समजणाऱ्यांत कॉलेजात जाईपर्यंत मीही होतो.) त्याला पांढरं करायला आम्ही क्लोरीनचं रसायन घालतो. ते लगद्याला पांढरं करतं, उरलेलं नाल्यात जाऊन नाल्याची वाट लावतं, आणि त्याचा वास तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो. मामाजी तिथे चौतीस वर्षं उभे आहेत. आता एन्झाइम स्वतः काहीच पांढरं करत नाही. लगद्याच्या धाग्यात रंग ज्या चिकट थरामागे दडून बसलेला असतो तो थर ते सैल करतं, म्हणजे मागून येणाऱ्या क्लोरीनला मेहनत कमी पडते आणि तो कमी लागतो. क्लोरीन कमी लागला की खर्च कमी, नाला बरा आणि छातीही बरी. टनभर लगद्याला अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. मात्र त्याचे नखरे नव्या जावयाचे आहेत. फार गरम चालत नाही, फार थंड चालत नाही, दोन तास कोणी हात लावायचा नाही, आणि लगद्यात सोडा राहिलेला तर अजिबात खपत नाही. बांबू शिजवताना सोडा घातलेला असतो, म्हणून आधी अ‍ॅसिड घालून तो मारायचा, मीटरवर आठचा आकडा आला की मगच एन्झाइम सोडायचं. आकडा दहाच्या वर असेल तर एन्झाइम घातलं काय आणि नाल्यात ओतलं काय, सारखंच.

मागच्या शुक्रवारी मी पाळीवरच्या सगळ्या माणसांना बसवून हे समजावून सांगितलं. फळ्यावर चित्रं काढली, इंग्रजी शब्द टाळले, तरी समोरचे चेहरे ग्रामसभेत असतात तसेच. मग मला एकदम सुचलं आणि मी बोलून गेलो की बाबांनो, घरी दुधात विरजण घालतो ना, तसंच हे. एवढंसं घालायचं, ऊब द्यायची, हलवायचं नाही, बाकीचं ते करतं. सगळी पाळी उजळली! माना हलल्या. आयुष्यात मी कोणाला इतकं चांगलं काही शिकवलं नव्हतं. मामाजींनी मागच्या बाकावरून विचारलं, “मंग दुसऱ्या दिवसाचं विरजण कुठून येते बाबू?” लोक हसले, मीही हसलो, आणि पुढचं पुढे पाहू म्हणून फळा पुसला. त्याच बैठकीत मी दोन नियमही केले. एक, हातमोज्याशिवाय लगद्याला कोणी हात लावणार नाही. दोन, लगदा कसा आहे हे यापुढे मीटर सांगेल, माणूस सांगणार नाही. दुसरा नियम मी कोणाकडे बघून केला हे तुला सांगायला नको. मामाजींची सवय तुला माहीत आहे, येता-जाता लगद्याची मूठ भरायची, पिळायची, बोटांत चोळायची आणि निकाल द्यायचा. (तू नवी नवरी असताना तुझ्या कणकेचाही निकाल ते असाच द्यायचे, हे तूच मला रडत सांगितलं होतंस. आठवण करून देतो, बाकी काही नाही.)

शनिवारी पहिली चाचणी झाली. क्लोरीन कमी केला, अ‍ॅसिड सोडलं, मीटर आठ दाखवू लागला. मामाजींनी हातमोजा न घालताच मूठ भरली, चोळली आणि म्हणाले, “बुळबुळीत लागून राह्यलं बाबू. अ‍ॅसिड वाढव.” मी त्यांना मीटर दाखवला. त्यांनी मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं. तासाभराने पुन्हा तेच म्हणाले, मी पुन्हा मीटर दाखवला. “मीटर आठ म्हणते न? मंग आठ,” असं म्हणून ते हात धुवायला गेले, आणि मी नोंदवहीत लिहिलं की मुखरूभाऊंनी हातमोजा घातला नाही. त्या दिवशी पांढरेपणा शहाऐंशी हवा होता, तो एक्याऐंशीच आला. पहिल्या दिवशी असं व्हायचंच, ते सोडून दे. खरी गंमत रविवारची आहे.

रविवारी आकडा एकोणऐंशीवर आला. कमी क्लोरीनमध्ये एकोणऐंशी म्हणजे वहीचा कागद दुधाच्या चहासारखा निघतो. मी धावत टाकीपाशी गेलो. तिथे रविवारी घालायचा एन्झाइमचा कॅन जसाच्या तसा उभा होता, सील न तुटलेला. आणि वाफेच्या नळीला टेकून दोन बादल्या ठेवल्या होत्या, गोणपाट गुंडाळून, वर झाकण, झाकणावर वीट. मी झाकणाला हात घालणार तोच मामाजी पलीकडून आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “हालवू नोको. लागून राह्यलं.” ताई, त्यांनी शनिवारच्या टाकीतला लगदा दोन बादल्या काढून ठेवला होता. रविवारी कॅन न फोडता तोच विरजण म्हणून टाकीत घातला. आणि या नव्या दोन बादल्या सोमवारसाठी होत्या. एन्झाइम जिवंत नसतं, ते वाढत नाही, बादलीत ठेवून त्याचं दुसरं एन्झाइम होत नाही, हे मी त्यांना तिथेच अर्धा तास सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मंग तू विरजण काऊन म्हटलं?” मी आवाज चढवला.

सोमवारी मॅडम खाली आल्या. हातात रविवारच्या कागदाचा तुकडा. सगळी पाळी उभी, मशीनचा आवाज बंद, आणि त्यांनी कुजबुजत विचारलं, हे कशामुळे? माझं कंत्राट वर्षाचं, ते संपायला दीड महिना, एन्झाइमचा हट्ट माझा, सह्या माझ्या. मी बोट दाखवलं. नुसतं दाखवून थांबलो नाही, बादल्या, गोणपाट, वीट, ‘हालवू नोको’, सगळं नकलेसकट सांगितलं. मॅडम हसल्या. मागे दोघे-तिघेही हसले. मामाजींनी हेल्मेट काढून पॅनेलवर ठेवलं, त्यावर हातमोजे ठेवले (ते अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होते), म्हणाले, “तुहं विरजण तूच लाव बाबू,” आणि गेले. मॅडमनी मला लेखी अहवाल द्यायला सांगितला आणि मी लिहिला, ‘ऑपरेटरच्या चुकीमुळे चाचणी अपयशी.’ मामाजींच्या निवृत्तीला चार महिने उरले आहेत आणि चौतीस वर्षांत त्यांच्या कागदात असं एक वाक्य नाही, हे मला लिहिताना माहीत होतं.

तेव्हापासून इथे माझ्याशी कोणी वाईट वागत नाही, हेच असह्य आहे. सगळी पाळी एकदम आज्ञाधारक झाली आहे. साहेब, झाकण उघडू का? साहेब, उघडलं, आता बंद करू का? काल एकाने शिंक आल्यावर परवानगी मागितली. मला चहा येतो तो सगळ्यांचा पिऊन झाल्यावर. हेल्मेट अजून पॅनेलवर तिथेच आहे. त्याखाली दोन बटणं आहेत, पण ते उचलायला कोणी तयार नाही, आणि खरं सांगतो, मलाही धीर होत नाही. मी त्याच्या बाजूने बोट घालून बटण दाबतो. बुधवारी चुकून दुसरंच दाबलं आणि अर्धा तास थंड पाणी गरम टाकीत गेलं. एका माणसाने पाहिलं. त्याने विचारलं, साहेब, बंद करू का?

तर ताई, दोष कुणाचा हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मोठ्या माणसांचा मान वेगळा आणि यंत्राचा नियम वेगळा. मी मामाजींबद्दल मनात काही ठेवलेलं नाही, त्यांनीही ठेवू नये, आणि तू तर मुळीच ठेवू नयेस, कारण तू माझी बहीण आधी आहेस आणि त्यांची सून नंतर (हे अंकुशभाऊंना वाचून दाखवू नकोस). दोघी पोरींना माझा पापा, वासराच्या पाठीवर हात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे त्यांनाच, माझा नमस्कार पोचव.

तुझाच,
राजदीप

ता. क. दर सोमवारी मामाजींबरोबर तुझा डबा यायचा. या वेळी चाचणीमुळे मामाजी रविवारी घरी आलेच नाहीत, त्यामुळे डबा नाही आणि जवसाची चटणी संपली. मी कॅन्टीनचं खातो आहे. दुर्गाबरोबर थोडी चटणी पाठवलीस तर मी चटणीला ‘राँग नंबर’ म्हणणार नाही.

ता. क. २. सही करून पाकीट चिकटवायला घेतलं आणि चिकटवता आलं नाही. वर शनिवारच्या चाचणीबद्दल मी ‘ते सोडून दे’ असं लिहिलं आहे. ते सोडू नकोस. शनिवारी विरजण-बिरजण काही नव्हतं. कॅन फोडलेला होता, एन्झाइम पूर्ण घातलेलं होतं, सगळं माझ्या हाताने झालं होतं, तरी आकडा एक्याऐंशीच आला. हे मला सोमवारी पाळीसमोर उभं असतानाही माहीत होतं, फक्त मी त्याकडे बघत नव्हतो. बुधवारी दुर्गाने शनिवारच्या लगद्याचा राखून ठेवलेला नमुना काढला, त्यात साधी कागदाची पट्टी बुडवली (रंग बदलून सोडा किती ते सांगते, शाळेच्या प्रयोगशाळेतही असते) आणि माझ्यासमोर धरली. साडेदहा. मग तिने मीटरची नळी मागितली, लगद्यात बुडवतात ती. ती नळी वापरून झाली की तिच्यासोबत येणाऱ्या खास पाण्यात बुडवून ठेवायची असते. मी ती दर वेळी नीट पुसून, कोरडी करून, मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवत होतो, कारण महागाची वस्तू म्हणून काळजी घेत होतो! ती वाळून गेली होती आणि कशातही बुडवा, आठच्या आसपास दाखवत होती. दुर्गाने ती चहात बुडवली. चहासुद्धा आठ. ताई, लगदा बुळबुळीत होता, कारण त्यात सोडा उरलेला होता. मामाजींची बोटं बरोबर होती. त्या दोन बादल्या नसत्या तरी आकडा पडणारच होता. आणि बादल्या त्यांनी का भरल्या, तेही दुर्गाने सांगितलं. तिला ते म्हणाले होते, “एक कॅन वाचला तर पोराचं काम मॅडमले स्वस्त दिसते.”

काल मी पहिला अहवाल मागून घेतला आणि दुसरा दिला. त्यात चूक माझ्या नावावर आहे. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच नेहमीच्या आवाजात बोलल्या. ‘सोमवारी सहा वाजता, एकदाच.’ पण लगदा तयार झाला हे सांगणार कोण? नवी नळी नागपूरहून यायला दहा दिवस. पट्टी एका कोपऱ्यातलं सांगते, टाकी तीन मजली आहे आणि लगदा दर दहा मिनिटांनी वेगळा येतो. म्हणून मूळ विनंती, जी पहिल्याच ओळीत करायला पाहिजे होती: मामाजींना रविवारच्या संध्याकाळच्या बसने पाठव. कसंही करून पाठव.

ता. क. ३. आणि वरचं सगळं त्यांना वाचून दाखवू नकोस. फक्त ता. क. २ दाखव. कणकेचं तर अजिबात नको.

ता. क. ४. आत्ता आठवलं. तू लग्नपत्रिका, औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं, रेशन दुकानाची पाटी, सगळं मोठ्याने वाचतेस. लहानपणापासून. म्हणजे मामाजी समोर खाटेवर बसले आहेत आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळं ऐकलं आहे, नकलेसकट.

तर मामाजी, जय भीम. लगदा बुळबुळीतच होता. तुम्ही दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मीटर दाखवला. तुमच्यावर बोट दाखवलं तेव्हा मला ते माहीत असायला पाहिजे होतं, आणि अर्धं माहीत होतंच. लिहून दिलं आहे, सोमवारी पाळीसमोर तोंडानेही सांगेन, नक्कल न करता. नियम बदलून घेतला आहे. डाव्या हाताला हातमोजा, उजवा हात तुमचा. हेल्मेट जिथे ठेवलं तिथेच आहे. चौतीस वर्षं छातीत गेलेलं बाहेर काढता येत नाही, हे मला कळतं. पण सोमवारी आकडा आला तर क्लोरीन कमी होईल, निदान तुमचे उरलेले चार महिने तरी. मी हे एन्झाइम आणलं तेव्हा मॅडमना खर्चाचं कारण दिलं होतं, नाल्याचं दिलं होतं. तुमच्या खोकल्याचं कुठे लिहिता आलं नाही.

ताई, आता वाचायचं थांब. त्यांच्याकडे बघ. ते काय म्हणतात तेवढं दुर्गाजवळ सांगून पाठव. ‘राँग नंबर’ सोडून काहीही चालेल.